बापाला पाणी न देणारी

माझ्या वडिलांना पाणी पाजून मारायला सगळं गाव निघालं होतं, आणि नाव मात्र माझं खराब झालं.

आधी एक सांगून टाकते. मी बी.एस्सी. आहे. आमच्या घरातली पहिली, गल्लीतली पण पहिली. दहावीपर्यंत मराठी शाळा, पुढं आदिलाबादला तेलुगू पोरींच्या मधे बसून इंग्रजीत शिकले आणि कोणाच्या मेहेरबानीनं पास झाले नाही. हे मी मिरवते. ज्यांना त्याचा राग येतो त्यांनी आपल्या घरातली एक पोरगी तिथवर नेऊन दाखवावी, मग बोलू.

गाव बेल्याजवळचं, महाराष्ट्राच्या सरहद्दीवरचं. माझा आजा निजामाच्या राज्यात जन्मला, वडील हैदराबाद राज्यात, मी आंध्रात, आणि भावाची पोरं तेलंगणात. एवढी राज्यं झाली, पण आमच्या घराचं दार एक वीतभर इकडचं तिकडं झालं नाही. तरी प्रत्येक वेळी गावातले शहाणे सांगत आले की आता बघा, आता सगळं बदलणार. नवं राज्य झालं त्या सुमाराला बदललं ते एवढंच, की वडिलांच्या पायांवर सूज आली. वहाणेचा पट्टा रुतून खड्डा पडायचा आणि तो संध्याकाळपर्यंत भरायचा नाही.

माझे काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. त्यांना जगातल्या प्रत्येक गोष्टीचं कारण माहीत असतं. ते म्हणाले, "राज्य बदललं, हवा बदलली. दादाले ते सोसून नाय राह्यली."

खरं कारण असं होतं की वडिलांनी बीपीच्या गोळ्या सोडल्या होत्या. बरं वाटून राह्यलं तर कायले खायच्या, हे त्यांचं शास्त्र. दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा मी ओसरीत कोळशानं चित्र काढून घरच्यांना समजावलं की रक्त कुठून येतं, कुठं गाळलं जातं, पाणी कसं बाहेर पडतं. काकांनी चित्राकडं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हे कालिजातलं हाय. मानसाच्या आंगात एवढ्या नळ्या नसते बाप्पा."

मग आदिलाबादच्या दवाखान्यातली यंत्राची खोली आमच्या नशिबी आली. डाव्या हाताची नस आधी ऑपरेशन करून मोठी केलेली. तिच्यावर बोट ठेवलं की मांजर गुरगुरल्यासारखं लागायचं. तिच्यात दोन सुया. एकीतून रक्त बाहेर निघायचं, नळीतून एका पारदर्शक नळकांड्यात जायचं, तिथं केसाहून बारीक पोकळ धाग्यांच्या जुडग्यातून गाळलं जायचं आणि दुसऱ्या सुईनं परत अंगात. रक्तातली घाण तिथं निघायची आणि अंगात साठलेलं जादा पाणीही तिथंच ओढलं जायचं. वडिलांची लघवी जवळपास बंद झाली होती. म्हणजे जे प्यायचं ते आतच राहायचं. आधी पायात, मग पोटात, मग फुप्फुसात. बाहेर जायला ते एकच दार, आणि तेही दोन-तीन दिवसांआड उघडणारं.

त्या दिवसांपासून मी रोज सकाळी एक पितळी गडू भरून वडिलांच्या उशाशी ठेवत असे. दिवसाचं पाणी एवढंच. कधी प्यायचं ते त्यांनी ठरवावं. चहा घेतला तर गडूतून तेवढं कमी, ताक घेतलं तर कमी, वरणाचं पाणीसुद्धा कमी. वडील गडूकडं पाहायचे तसं मी कोणा माणसाला पाण्याकडं पाहताना पाहिलं नाही. कधी एखादा बर्फाचा तुकडा गालात धरून बसायचे, लहान पोरानं गोळी धरावी तसे. ते मला सोपं गेलं असं कोणाला वाटत असेल तर वाटू दे.

गावाला मात्र तो गडू दिसला आणि मी दिसले. विहिरीवर चर्चा सुरू झाली, "मानूस तहानेनं जीव टाकून राह्यला, आन पोरगी माप लावते. शिकेल हाय ना."

आता काटा. यंत्रानं किती पाणी ओढायचं हे काट्यावर ठरतं. अंगात जादा पाणी नसताना जे वजन असतं ते कोरडं वजन. प्रत्येक पाळीला आधी काट्यावर उभं करायचं, आजच्या वजनातून कोरडं वजन वजा करायचं, उरलं ते पाणी. तिसरीच्या पोराला येणारी वजाबाकी आहे.

काटा हा माझ्या वडिलांच्या आयुष्याचा विषय. बाजारात कापूस न्यायचा म्हणजे दलाल ढिगात हात खुपसणार, ओल मोजायचं यंत्र खुपसणार, पाणी आहे म्हणणार आणि वजनातून कापणार. आमच्या भागात कापसावर पाणी मारणारे कमी नाहीत. रात्री मारतात, सकाळी देवाचं नाव घेऊन गाडी जुंपतात. वडिलांनी कधी मारलं नाही. वेचलेला कापूस ते अंगणात वाळवून, हातानं चोळून, मगच भरायचे. "माह्या कापसात पानी दाखोनारा दलाल अजून जल्मा याचा हाय," असं ते कोणालाही, न विचारता, सांगायचे.

पहिल्यांदा कोरडं वजन घेतलं तेव्हा कडक थंडी होती. आदिलाबादची थंडी ज्यांनी पाहिली नाही त्यांना मी काय सांगू. वडील काट्यावर चढले ते पायात जाड चामड्याच्या वहाणा, अंगावर घोंगडी, हातात चांदीचं कडं, कंबरेला चांदीचा करदोडा आणि खिशात अडकित्त्यासकट पानाची चंची, अशा थाटात. सोबत असलेल्या आईनं ते पाहिलं, आणि घरी येऊन कौतुकानं सांगितलं, की नवरदेवासारखे उभे राहिले. तिथला माणूस नवा होता, त्यानं आकडा वाचला आणि लिहून घेतला. मी तेव्हा शाळेत शिकवायला होते. आदिलाबादच्या एका खासगी शाळेत मी विज्ञान शिकवायची, आणि वडिलांच्या पाळीला आई त्यांना घेऊन यायची. शाळा सुटल्यावर मी पोहोचायची तेव्हा ते यंत्राला जोडलेले असायचे.

उन्हाळ्यानंतर वडील आनंदात सांगायला लागले की त्यांचं पाणी कमी निघतं. "पाह्य बाई, मी कमी पेतो का नाय." यंत्रावरचा मुलगा तेलुगू होता, तोही खूश. आधी तो सगळ्यांसमोर ओरडायचा, "पेद्दायना, नीळ्ळू चाला तागिनारू," म्हणजे म्हातारबा, फार पाणी प्यालात. वडिलांना तेलुगू बाजारापुरतं यायचं, पण अपमान कळण्यापुरतं पुरायचं. शिवाय पाणी जास्त ओढलं की त्यांच्या पायात गोळे यायचे, पिंढऱ्या दगडासारख्या व्हायच्या. आता ओरडणं बंद झालं, गोळेही कमी झाले. फक्त जिना चढताना दम लागत होता. त्याचं कारण काकांनी सांगितलं, की वय.

त्या वर्षी दसऱ्यालाच आमच्या जिल्ह्याचे चार तुकडे झाले. बेला आदिलाबादेत राहिलं, वांकिडी आसिफाबादेकडे गेली. फटाके, गुलाल, गाड्यांवर झेंडे. ज्यांना आपलं तहसील कार्यालय कुठल्या रस्त्यानं आहे हे माहीत नव्हतं ते जिल्ह्याच्या सरहद्दीवर भाषण देत होते. सणामुळं वडिलांची पाळी पुढं ढकलली गेली होती. यंत्र चालवणाऱ्यांनाही घरदार आहे, त्याची माझी तक्रार नाही. मी घरी एवढंच सांगितलं की या खेपेला मधले दिवस जास्त आहेत, दसऱ्याला गडूबाहेर थेंब नको. पाणी फुप्फुसात गेलं तर माणूस खाटेवर बसल्या बसल्या बुडतो.

पण आमच्या भावकीत दसऱ्याची एक रीत आहे. सोनं द्यायला आलेला आपट्याचं पान हातात देतो, पाया पडतो, आणि चहाचा कप आधी घरच्या वडीलधाऱ्याच्या तोंडाला लावतात. त्यानं घोट घेतला की मग पाहुण्यानं प्यायचं. घोट घेतला नाही म्हणजे त्यानं पान परत केल्यासारखं. वडील भावकीत सगळ्यांत थोरले. म्हणजे सकाळपासून त्यांच्यासमोर रांग.

"घ्या बाबाजी, एक घोट."

"ते घेत नाहीत," मी म्हटलं.

"एका घोटानं काय होते वं."

पुढचा आला तोही हेच म्हणाला. त्याच्या पुढचाही. प्रत्येकाला आपला एकच घोट दिसत होता. ओसरीत माणसं किती आहेत हे मान वळवून पाहायची कोणाला गरज वाटली नाही. मी दोनदा कप धरला तेव्हा काका मधे आले. "तू सरक. आजच्या दिवशी मानसाचं त्वांड बांधतं का?" आणि हसून लोकांना म्हणाले, "आमच्या घरात डाक्टर झाली हो, बिना डाक्टरकीची." लोक हसले. वडीलही हसले. आणि त्या हसण्याच्या आडून त्यांनी घोट घेतला, तो लहान नव्हता.

दुपारी वांकिडीहून आत्या आली. वडिलांची सख्खी बहीण, लग्न होऊन तिकडे दिलेली. सोबत शहाळ्यांचं पोतं. दारातूनच रडत आली. "दादा, आता आपला जिल्हा येगळा झाला रे." जशी काही ती काळ्या पाण्यावर निघाली होती. आली त्याच रस्त्यानं होती, तेच खड्डे, तीच जीप.

मी म्हटलं, "आत्या, शहाळं बाबाला विष आहे. पाण्याचं वेगळं आणि त्यातल्या क्षाराचं वेगळं."

आत्यानं डोळे पुसले आणि माझ्याकडं पाहिलं. "मी मेलेल्या मानसाच्या तोंडात पानी घालनारी बाई हाय. तू जित्याले नाय देत. कोन्या पुस्तकात लिवलं हाय वं हे?"

पुस्तकाचं नाव मी सांगू शकत होते. पण आत्यानं तोवर कोयता मागवला होता. आईनं आणून दिला. मी पोतं ओढून आत न्यायला लागले तर काकांनी माझा दंड धरला, हलकाच, पण धरला. वडील म्हणाले, "राहू दे बाई. बहीन हाय." आणि माझ्यासमोर, डोळे मिटून, ते अख्खं शहाळं प्याले. इतक्या सुखानं की मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. रडले नाही. आत्यासमोर तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खाटेवर बसून होते, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, तोंड उघडं. आडवं केलं की घुसमटायचे. बोलताना मधेच थांबावं लागत होतं. रात्र बसून काढली होती आणि कोणाला उठवलं नव्हतं, कारण सण होता. आदल्या दिवशीच्या रांगेतलं कोणीही दारात नव्हतं. काका म्हणाले, "रातची थंडी बाधली." मी जीप बोलावली.

सुट्टी असल्यानं पहिल्यांदाच पूर्ण वेळ मी सोबत होते. दवाखान्यात पोहोचल्यावर आई त्यांना धरून आधी भिंतीमागं घेऊन गेली, मग काट्यावर आणलं. अनवाणी. पातळ धोतर, बंडी. यंत्रावरच्या मुलानं आकडा वाचला, कागदाशी ताडून पाहिला, परत वाचला.

"वजन तर जास्त नाही," तो हिंदीत म्हणाला. "थोडंच आहे पाणी."

ड्यूटीवरचा डॉक्टर तरुण होता, सणाचा एकटाच उरलेला. त्यानं छातीला नळी लावली, पाय दाबून पाहिले, कपाळाला आठ्या घातल्या. "सूज आहे, दम आहे, पण काटा म्हणतो पाणी नाही. म्हणजे हृदयाचं काही असेल. इथं यंत्रावर घेऊन बीपी पडलं तर अवघड होईल. हैदराबादला न्या."

हैदराबाद. आमच्यापासून दिवसभराची वाट. आणि या माणसाला जीपमध्ये बेल्याहून आदिलाबादपर्यंतही बसवत नव्हतं. डॉक्टर चिठ्ठी लिहायला वळला. वडिलांच्या ओठांचा रंग जांभळाकडं झुकला होता. मी त्यांना टेकवण्यासाठी कंबरेत हात घातला, आणि हाताला काहीच लागलं नाही.

लहानपणी त्यांच्या कंबरेवर बसून मी मोठी झाले. तो करदोडा माझ्या मांडीला रुतायचा. आमच्याकडं पुरुष करदोडा काढत नाही. माणूस गेला की चितेवर ठेवायच्या आधी तो तोडतात, तेव्हाच तो उतरतो. मी त्यांच्या मनगटाकडं पाहिलं. कडं नव्हतं. मग आईकडं पाहिलं. ती पदराचं टोक मुठीत घट्ट धरून भिंतीकडं पाहत होती, आणि ते टोक जड होतं.

"आई, पदरात काय आहे?"

"काय नाय."

"सोड."

"चूप बस वं. लोकं पाहून राह्यले."

मी तिची मूठ उघडली. करदोडा, कडं, चंची. आणि तिच्या पिशवीत चामड्याच्या वहाणा. थंडीत नवरदेवासारखा उभा राहिलेला माणूस महिन्यामहिन्यानं एकेक वस्तू उतरवत गेला होता. आधी घोंगडी गेली, ती ऋतूनं नेली. मग वहाणा, मग चंची, मग कडं, आणि शेवटी करदोडा. जेवढं सामान उतरलं तेवढं पाणी आत लपलं. काटा खोटं बोलत नव्हता. त्याला खोटं बोलायला शिकवलं होतं, आयुष्यभर कापसात पाणी न मारणाऱ्या माणसानं.

मी डॉक्टरला हाक मारली आणि सगळं सांगितलं. हिंदीत, मोठ्यानं, कारण तिथं हळू बोललेलं कोणी ऐकत नाही. बाकीचे पेशंट, त्यांची माणसं, सगळे वळून पाहायला लागले. वडिलांनी मान खाली घातली. मी सामान एकेक करून त्यांच्या अंगावर चढवलं, वहाणा पायात सरकवल्या, खोलीतलं पांघरायचं ब्लँकेट घोंगडीऐवजी खांद्यावर टाकलं आणि त्यांना काट्यावर परत उभं केलं. मुलानं आकडा वाचला आणि या वेळी तो ओरडला नाही. डॉक्टरनं चिठ्ठी खिशात कोंबली.

"आधी नुसतं पाणी काढू," तो म्हणाला. "रक्त धुणं नंतर. बीपीवर नजर ठेवून, हळूहळू."

सुया लागल्या. रक्त नळकांड्यात शिरलं. नळकांड्यात काही दिसत नाही, पाणी वेगळं होऊन मागच्या नळीनं मोरीत जातं. कालचे सगळे एकच घोट, आत्याचं शहाळं, सगळ्या भावकीचं प्रेम मोरीत जात होतं. माझी नजर त्यांच्या नाकपुड्यांवर होती. आधी त्या फुगायच्या थांबल्या. मग खांदे खाली आले. पायात गोळे आले तेव्हा मी पिंढऱ्या चोळल्या, त्यांनी पाय मागं ओढून घेतला, मी परत धरला. काही वेळानं मुलानं खाटेचं डोकं थोडं खाली केलं, मग आणखी थोडं. ते आडवे झाले, आणि घुसमटले नाहीत. झोपले. आई पदराचं मोकळं टोक डोळ्यांना लावून बसली.  

 परत येताना जीपमधून घर दिसलं तेव्हा वडील म्हणाले, "जिंदगीत माह्या कापसात कोन्या दलालाले पानी सापडलं नाय. आन तुनं माह्या आंगातलं दाखोलं, चार लोकात."

"नाहीतर आज तुम्ही हैदराबादच्या रस्त्यावर असता."

"ते मले मालूम हाय," ते म्हणाले. "तरी मी सांगून राह्यलो."

ओसरीत आत्या अजून होती. वडील स्वतःच्या पायानं उतरले हे पाहून तिनं त्यांची नजर काढली आणि काकांना म्हणाली, "शहाळं लागू पडलं पाह्य." काका म्हणाले, पडणारच. मी आत गेले आणि गडू घासून ठेवला.

नवं कोरडं वजन घेतलं, पातळ धोतर आणि अनवाणी पायांवर. करदोडा तेवढा कंबरेला राहिला आणि पुढच्या प्रत्येक पाळीला राहिला. मुलानं ओरडावं, गोळे यावेत, वडील सरळ समोरच्या भिंतीकडं पाहत उभे असायचे. माझ्याशी मात्र बराच काळ कामापुरतंच बोलले.

पुढच्या दसऱ्याला परत रांग. या खेपेला मी काही म्हटलं नाही, काका तयारीत बसले होते त्यांची पंचाईत झाली. पहिल्यानं पान दिलं, पाया पडला. वडिलांनी कप घेतला, तोंडापाशी नेला, वास घेतला आणि तो माझ्याकडं सरकवला. "हिले द्या. माहा घोट आजपासून हे घेत जाईल. शिकेल हाय."

 पोरीनं भावकीचा घोट घ्यायचा हे कोणाच्या आज्यानं पाहिलं नव्हतं. पण थोरल्यानं सांगितलेलं मोडायचं कसं, त्याचीही रीत नव्हती. आमच्या लोकांना दोन रिती एकमेकींवर आदळल्या की काही सुचत नाही, हे मला तेव्हा कळलं आणि त्याचा मला मनापासून आनंद झाला.

गावात अजूनही सांगतात की त्या घरची बी.एस्सी. पोरगी बापाला पाणी देत नव्हती. खरं आहे. तो बाप त्यानंतरचे दसरे खाटेवर ताठ बसून पान घेत होता, हे सांगत नाहीत.

त्या दिवशी मी कप तोंडाला लावला. दूध आटून लाल झालेलं, साखरेनं ओठ चिकटत होते. मला चहा मुळीच आवडत नाही. आत्या समोरून पाहत होती. "मंग," ती म्हणाली, "ग्वाड हाय का?"

मी घोट गिळला आणि म्हटलं, "पुढचा आणा."